यांत्रिक घड्याळ (खिशातील व मनगटी)

पोलादी स्प्रिंगच्या गुंडाळीत किल्लीने साठविलेली शक्ती दातेरी चाकांच्या मालिकेतून काट्यांपर्यंत पोहोचविणारे, आणि त्या शक्तीचा व्यय एका आंदोलन पावणाऱ्या चाकाच्या हुकमतीखाली समान हप्त्यांनी होऊ देणारे कालमापक यंत्र. या चाकास बॅलन्स म्हणतात. त्याला जोडलेल्या, केसाइतक्या बारीक सर्पिल स्प्रिंगमुळे (हेअर स्प्रिंग) ते मध्यबिंदूच्या दोहों बाजूंस डोलत राहते. आणि प्रत्येक डोलीस चाकांच्या मालिकेला एकेक दात पुढे सरकू देऊन त्याच वेळी बॅलन्सला अल्पसा ढकल देणाऱ्या यंत्रणेस एस्केपमेंट ही संज्ञा आहे. ताशी १८,००० ठोके देणाऱ्या सामान्य मनगटी घड्याळात दिवसाकाठी ४,३२,००० ठोके पडतात, आणि असे घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकले, म्हणजे त्याच्या गतीत सुमारे साडेआठ हजारांत एक एवढाच दोष राहिला. कारागिराच्या हातून घडलेल्या दुसऱ्या कोणत्याही नित्योपयोगी वस्तूकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा समाजाने केलेली दिसत नाही.

या यंत्राच्या इतिहासाचे वर्णन सामान्यतः संशोधकांच्या नामावळीने करण्याचा प्रघात आहे. तथापि त्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शोध म्हणजे बॅलन्सच्या डोलण्यात व्यत्यय आणणाऱ्या एखाद्या शत्रूचा बंदोबस्त होय, ही दृष्टी प्रस्तुत लेखकास अधिक फलदायी वाटते. उष्णता, धक्का, स्थितीतील बदल, घर्षण आणि ओल हे ते शत्रू असून त्या सर्वांचा अंमल एकाच प्रदेशात पाहावयाचा तर सह्याद्रीच्या माथ्यावरील मावळ तालुका, आणि त्यात तळेगावनजीकचे, आज मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे व कारखान्यांमुळे प्रवाशांना परिचित झालेले उर्से हे गाव, उदाहरणादाखल घेण्यास सोयीचे आहे.

बैठे घड्याळ आणि प्रवासी घड्याळ यांतील भेद येथे प्रथम स्पष्ट होतो. ख्रिस्तियान हॉयगेन्स याने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले; पण लंबकाची गती गुरुत्वावर अवलंबून असल्यामुळे स्थळ बदलले की ती बदलते, हे झां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदास १६७२ मध्ये विषुववृत्तानजीकच्या कायेन बेटावर आढळून आले; पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. समुद्रसपाटीस मुंबईत अचूक लावलेले लंबकाचे घड्याळ सहाशे मीटरांच्या आसपास उंची असलेल्या उर्से गावी आणून टांगले, तर तेही, अत्यल्प प्रमाणात का होईना, दिवसाला काही सेकंद मागे राहील. हॉयगेन्सनेच १६७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्पिल स्प्रिंगच्या बॅलन्सला गुरुत्वाची अशी गरज नाही, कारण त्याला मागे खेचणारे बल स्प्रिंगच्या स्थितिस्थापकतेतून येते. भरवशाचे घड्याळ खिशात घालून घाट चढता येण्याची शक्यता त्या शोधाने निर्माण झाली.

ही शक्यता मावळच्या वाट्यास रेल्वेबरोबर आली. खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ साली व बोरघाटातील चढाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला, आणि कर्जतेच्या दमट उष्म्यातून निघालेली गाडी काही तासांत थंड पठारावर येऊ लागली. साध्या पितळी बॅलन्सला पोलादी हेअर स्प्रिंग जोडलेले घड्याळ उष्णतामानात एका अंश सेल्सिअसची वाढ झाली असता दिवसाला सुमारे दहा-अकरा सेकंद मागे पडते, याचे मुख्य कारण चाकाचे प्रसरण नसून तापलेल्या पोलादाची लवचिकता क्षीण होणे हे आहे. हिवाळ्याच्या रात्री कोकण व मावळ यांच्या हवेत दहा अंशांचे अंतर पडणे मुळीच असाधारण नाही. म्हणजे मुंबईस जुळविलेले असे घड्याळ त्या थंडीत राहिले, तर दिवसाला दीड-पावणेदोन मिनिटे पुढे धावेल. एकेरी लोहमार्गावर समोरून येणाऱ्या गाडीची वेळ सांभाळणाऱ्या नोकराच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हता.

यावरील पहिला उपाय अठराव्या शतकात निघाला. जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या इंग्रज कारागिराने दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी प्रथम वापरली, आणि त्याचे चौथे सागरी घड्याळ १७६१–६२ च्या जमेकाच्या सफरीत ८१ दिवसांत अवघे पाच सेकंद मागे पडले. पुढे पियेर ल रुआ, जॉन आर्नल्ड व टॉमस अर्नशॉ यांच्या हातून त्या तत्त्वाचे रूप असे स्थिरावले, की बॅलन्सची कड बाहेरून पितळेची व आतून पोलादाची करून ती दोन ठिकाणी छेदावयाची. उष्णता वाढताच पितळ अधिक प्रसरण पावून कडेची मोकळी टोके आत वळतात, चाकाचे जडत्व घटते, आणि क्षीण झालेल्या स्प्रिंगची भरपाई होते. ही युक्ती अत्यंत चतुर, परंतु करावयास कठीण. तिचा निर्णायक पर्याय कारागिराच्या मेजावर नव्हे, तर धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडला. शार्ल एद्वार गिलोम याने निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंचा अभ्यास करून १८९६ मध्ये जवळजवळ प्रसरणच न पावणारा इन्व्हार, व पुढे लवचिकता स्थिर ठेवणारा एलिन्व्हार हे धातू दिले. १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्याला याच कार्याबद्दल मिळाले. त्यानंतर राइनहार्ड श्ट्राउमान याच्या निव्हारॉक्स मिश्रधातूची हेअर स्प्रिंग आली, आणि भंगणारी, गंजणारी, चुंबकाला वश होणारी पोलादी स्प्रिंग मागे पडली. घड्याळाच्या साऱ्या इतिहासात सामान्य ग्राहकास सर्वांत जास्त लाभ देणारा आणि त्याच्या दृष्टीस सर्वांत कमी पडणारा शोध हाच होय, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

एस्केपमेंटच्या बाबतीत टॉमस मज याने १७५५ च्या सुमारास योजिलेली लिव्हरची पद्धत आजतागायत टिकून आहे. तिचा गुण असा, की ढकल देण्याचा क्षण सोडला असता लिव्हर बॅलन्सला स्पर्शही करीत नाही व त्याचे डोलणे मुक्त राहते. घर्षणाचा बंदोबस्त माणकांनी केला : निकोला फातियो द द्युइये याने माणकास भोक पाडण्याची कृती शोधून १७०४ साली लंडन येथे तिची सनद मिळविली, आणि १९०२ मध्ये ओग्युस्त व्हर्नय याने कृत्रिम माणकाची रीत जाहीर केल्यावर ते खडे गरिबाच्या घड्याळातही बसू लागले. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे छापलेले असते, तेव्हा ते दागिन्याचे मूल्य नसून आसांची टोके टेकण्याच्या व घासण्याच्या जागांची संख्या असते. स्थितीच्या दोषावर आब्राम-लुई ब्रेगे याने १८०१ मध्ये पेटंट घेतलेल्या तूर्बियाँची, म्हणजे बॅलन्ससह सगळी एस्केपमेंट पिंजऱ्यात घालून सतत फिरविण्याची, ख्याती फार मोठी आहे. तथापि ती युक्ती खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी होती. क्षणोक्षणी दिशा बदलणाऱ्या मनगटावर तिचा उपयोग गौण व शोभा अधिक असल्यामुळे येथे तिचा अधिक विस्तार केलेला नाही.

धक्का व ओल यांचे प्रश्न मनगटी घड्याळाबरोबर तीव्र झाले. बॅलन्सच्या आसाची टोके केसासारखी सूक्ष्म असल्याने घड्याळ फरशीवर पडले की प्रथम तीच मोडत. आधाराचे खडे लवचिक कमानीवर बसवून ते धक्क्यासरशी किंचित सरकू देण्याची इन्काब्लॉक ही स्विस योजना १९३० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि घड्याळजीकडे ‘बॅलन्स मोडला’ म्हणून येणाऱ्या घड्याळांची रीघ तिने कमी केली. ओलीचे महत्त्व तर या प्रदेशात वेगळे सांगावयास नको. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेकडे उर्से-तळेगावपर्यंत तो झपाट्याने कमी होत गेला, तरी आषाढ-श्रावणातली हवा पोलादास पुरेशी घातक असते. या ओलीस आत शिरू न देण्यासाठी फिरकीने घट्ट बसणारे झाकण व किल्ली असलेली रोलेक्स कंपनीची ऑयस्टर डबी १९२६ साली निघाली.

मुंबई हे या वस्तूंचे जुने पेठ-बंदर होते. फाव्र-लोइबा या स्विस घराण्याचा येथील व्यवहार १८६५ पासूनचा, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचे नावही त्याच शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी गिऱ्हाइकास परिचित झाले. या घड्याळांनी दाखवावयाची वेळ कोणती, याविषयी मात्र दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने उर्से येथील सूर्याची वेळ मुंबईच्या पुढे तीन मिनिटांहून थोडी अधिक. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, तर रेल्वेने स्वीकारलेली मद्रासची वेळ ५ तास २१ मिनिटे. मुंबई सरकारने १८८१ साली मद्रासची वेळ शहरास लागू करण्याचा हुकूम काढला असता लोकांनी तो मानला नाही. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ अमलात आल्यावरही मुंबई महापालिकेने आपली वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही. गावाकडे या वादाचा उपसर्ग फारसा नव्हता, कारण लग्नमुहूर्तास घंगाळात सोडलेले घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडे, व तेवढी घटका तेथे पुरेशी होती.

स्वदेशी निर्मितीचा पाया १९६१ साली बंगळूर येथे, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एच. एम. टी. या सरकारी उद्योगाने घातला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही त्याची किल्लीची घड्याळे महाराष्ट्रात शिक्षक, तलाठी, गिरणी कामगार, वाहक अशा वर्गांच्या मनगटांवर पोहोचली, आणि मॅट्रिक झालेल्या मुलास अथवा लग्नात जावयास एच. एम. टी. देण्याची चाल पडली. त्यांत नवा शोध असा नव्हता. लिव्हर, मिश्रधातूची हेअर स्प्रिंग, माणके आणि धक्कारोधक आधार या दोनशे वर्षांच्या कमाईचे ते परवडणाऱ्या किमतीतील संकलन होते, आणि अभियांत्रिकीचे हे कार्य शोधाइतकेच आदरणीय आहे. जपानच्या सेको कंपनीने डिसेंबर १९६९ मध्ये स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस काढल्यापासून या उद्योगाची घडी विस्कटू लागली, आणि एच. एम. टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली.

यांत्रिक घड्याळाचे संशोधन त्यामुळे थांबले नाही. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळकाराने घर्षण घटवून तेलावरील अवलंबन कमी करणारी को-ॲक्सियल एस्केपमेंट तयार केली व ओमेगा कंपनीने ती १९९९ मध्ये बाजारात आणली. २००१ मध्ये युलिस नार्दां कंपनीच्या घड्याळात सिलिकॉनचे एस्केपमेंटचे भाग दिसले, व पुढे त्याच पदार्थाच्या हेअर स्प्रिंगही निघाल्या. सिलिकॉन हलके, न गंजणारे व चुंबकास न जुमानणारे असून त्याच्या पृष्ठभागास तेलाची गरज अत्यल्प आहे, म्हणजे वर सांगितलेल्या शत्रूंपैकी बहुतेकांचे ते एकट्याने निवारण करते. परंतु धातूची वाकलेली हेअर स्प्रिंग कुशल घड्याळजी चिमट्याने पुन्हा आकारात आणू शकत असे, तर सिलिकॉनची स्प्रिंग वाकत नाही, तुटते, आणि तिच्या जागी कारखान्यातून आलेली दुसरीच बसवावी लागते. तळेगाव वा लोणावळ्याच्या बाजारात डोळ्यास भिंग लावून बसणाऱ्या कारागिरास तिची दुरुस्ती करता येत नाही.