लो बीम असूनही समोरचा डिपर का मारतो? हेडलाइट अशी करा सेट

मागच्या दिवाळीत आम्ही पाच जण सामानासह चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, आणि मी तर लो बीमवरच होतो! कारण साधं होतं. मागे वजन वाढलं की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. एकटे असाल तर ० ठेवा. वजन वाढेल तसा आकडा वाढवा, झोत खाली येतो.

घरी तपासायचंय? टायरमधली हवा बघा, सपाट जागी दिवे भिंतीपासून ५ मीटरवर येतील अशी गाडी उभी करा, चाक ० वर ठेवा. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली हवी. तशी नसेल तर मेकॅनिककडून हेडलाइटमागचा स्क्रू ॲडजस्ट करून घ्या.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागामुळे तो लवकर उडतो. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब टाकलात तर होल्डर वितळू शकतो. उजेड कमी वाटला तर आधी हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून बघा.