पाळलेलें हरिण आणि राखलेलें हरिण

वर्धा जिल्ह्यांत सेलू तालुक्याच्या अंगास बोर नदीच्या खोऱ्यांतील जंगल आहे. १९७० सालीं तें अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प. अशा जंगलाच्या कडेस, शेताच्या धुऱ्यावरील गवतांत, चितळाचें एखादें पाडस निपचित पडलेलें आढळतें. जवळ आई नसते. पाहणाऱ्यास वाटतें कीं बिचारें पोरकें झालें, आणि दयेच्या भरांत तो त्यास उचलून घरीं आणतो. वस्तुतः आईनें त्यास टाकलेलें नसतें. जन्मानंतर कांहीं दिवस पाडसास गवतांत लपवावें, आपण दूर चरावें, आणि अधूनमधून येऊन त्यास पाजून जावें, ही हरणीची रीतच आहे. पाडसानें हालूं नये व आईनें जवळ घुटमळूं नये, यांतच त्याचें रक्षण असतें. त्याची ताटातूट होते ती माणसाच्या कनवाळूपणामुळें.

बाटलीच्या दुधावर वाढलेलें पाडस गोजिरवाणें असतें यांत शंका नाहीं. परंतु तें नर असल्यास पुढें शिंगें येतात आणि माजाचा काळ येतो. रानांतील नर माणसाच्या चाहुलीनें पळतो. हाताखालीं वाढलेल्या नरास माणसाचें भय उरलेलें नसतें. तो माणसास आपल्याच जातीचा प्रतिस्पर्धी समजतो, आणि ज्यानें दूध पाजलें त्याच्याच अंगावर शिंगें रोखून धांवतो. त्यास कृतघ्न म्हणणें व्यर्थ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें असें हरिण घरीं ठेवण्यास बंदी आहे. जखमी वा खरोखरच पोरक्या झालेल्या जनावरांसाठीं वर्ध्याजवळ पिपरी येथें करुणाश्रम आहे.

हरिण पाळण्याचा छंद मात्र फार जुना. मोंगल काळांत पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळें बांधून त्यास रानांत सोडीत. रानचा नर झुंजीस येई आणि शिंगें अडकून सांपडे. म्हणजे माणसाळल्यावरहि त्याचा झुंजारपणा गेलेला नसे. माणसानें त्याचाच उपयोग करून घेतला. पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांना पशुपक्ष्यांचा मोठा नाद होता. १७९२ सालीं इंग्रजांचा वकील मॅलेट यास त्यांच्या रमण्यांतील काळविटांचा कळप पाहण्यास बोलाविलें होतें. वाद्यांच्या नादाबरोबर तीं भित्रीं जनावरें तंबूजवळ आलीं आणि झोपाळ्यावर चढून झोके घेऊं लागलीं, हें पाहून तो चकित झाला. मॅलेटच्या हकीकतींत हरणांचें कसब आहे. त्यांचा संसार नाहीं.

येथें एक खुलासा अवश्य आहे. मराठींत आपण सर्वांनाच हरिण म्हणतों. पण काळविटाचीं शिंगें पोकळ असून जन्मभर टिकतात, तर चितळ, सांबर, बारशिंगा यांचीं दरवर्षीं गळून नवीं येतात. स्वभावहि निरनिराळे. चितळ बंदिस्त जागेंत सहज वाढतो, कारण त्याची वीण वर्षभर चालूं शकते. अंदमान बेटांवर इंग्रजांनीं नेऊन सोडलेले चितळ, वाघ-बिबट्याचें भय नसल्यामुळें, अतोनात माजले. तरी चितळाचेंहि सर्व सुरळीत चालतें असें नाहीं. लहानशा आवारांत दोन जबर नर ठेवले तर हरलेल्यास पळण्यास वाट राहत नाहीं. एकाच नराची प्रजा पिढ्यान्‌पिढ्या आपसांत वाढली तर वंश दुबळा होतो. आणि पाठलाग करून पकडलेलें हरिण पुष्कळदां जखमेवांचून मरतें. भयानें व धांवपळीनें त्याचे स्नायूच आंतून बिघडतात.

सर्वांत कठीण परीक्षा झाली ती बारशिंग्याची. ही हकीकत कान्ह्याची, म्हणजे १९५६ पर्यंत वर्ध्याशीं एकाच प्रांतांत असलेल्या मंडला-बालाघाटच्या रानांतील. तेथील बारशिंगा कठीण भूमीवर वावरणारा, आणि दलदलींतील आपल्या भाऊबंदांहून वेगळा. मध्यप्रांतांतील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचें नांव शास्त्रज्ञांनीं या पोटजातीस दिलें आहे. १९३८ च्या सुमारास हे बारशिंगे तीन हजारांच्या घरांत होते. १९७० सालीं अवघे ६६ उरले. शिकार झाली हें खरेंच. परंतु गवतानेंहि त्यांचा घात केला. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावरच जगतो, आणि मादी पाडसास उंच गवतांतच लपविते. तें गवत दरसाल जाळलें जाई, गुरें तें चरून टाकीत, आणि उघड्यावर पडलेलीं पाडसें हिंस्र पशूंच्या तोंडीं जात.

उपाय झाला तो साधा दिसतो, पण त्यास धीर लागला. सोंफ हें गांव १९६९ सालीं रानाबाहेर वसविण्यांत आलें, आणि त्याच्या शेतांचें कुरण झालें. थोड्या बारशिंग्यांभोंवतीं वाघास ओलांडतां येणार नाहीं असें उंच कुंपण घातलें. आंत गवत वाढूं दिलें. कोणी त्यांस हातानें चारलें नाहीं, कीं कोणी माणसाळविण्याचा यत्न केला नाहीं. मादीस एका वेळीं एकच पाडस होतें व गर्भाचा काळ सुमारें आठ महिन्यांचा, त्यामुळें वाढ सावकाशच होणार होती. पन्नास वर्षांत ती संख्या आठशेंच्या वर गेली. पेशव्यांच्या रमण्यांतील झोपाळ्याची गोष्ट रंजक खरी. पण हरणाचा वंश टिकला तो माणूस कुंपणाबाहेर थांबला म्हणून.

एकाच रानांत सारे बारशिंगे राहिले तर एखाद्या सांथीनें पुन्हां सर्वनाश व्हावयाचा. म्हणून २०१५ सालापासून कान्ह्याचे कांहीं बारशिंगे सातपुड्यांत नेण्यांत आले. त्यांना फांसे टाकून धरलें नाहीं. गवत-पडद्यांच्या आडोशानें, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत गेलेल्या वाटेनें, ते आपल्याच पायांनीं गाडींत चढले. सातपुड्यांत पोंचल्यावर प्रथम त्यांना कुंपणांत ठेवलें, आणि पुढें तेथल्या गवतांत पाडसें जन्मलीं.