नवख्याच्या आत्मविश्वासाची बाजारपेठ

इंटरनेट मार्केटिंग शिकवणारा कुठलाही कोर्स उघडा. पहिला धडा बहुधा जाहिरातीचा नसतो, मनाचा असतो. स्वतःवर विश्वास ठेवा, यशस्वी माणसासारखा विचार करा, शंका झटकून टाका आणि मग दुसऱ्या धड्याकडे वळा. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो ठरवला कुणी, असे विचारायचेही सुचत नाही. पण कधी न भेटलेल्या, दूर गावच्या माणसाला माल विकण्याचा धंदा इंटरनेटच्या आधी शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला आहे आणि त्याचा इतिहास नेमका उलटा क्रम दाखवतो. त्या धंद्यात ज्यांनी पाय रोवले त्यांनी आधी गिऱ्हाइकाचा विश्वास कमावला, मग आकडे मोजले. स्वतःवरचा विश्वास त्यातून मागाहून आला. मनाची तयारी आधी हवी असे सांगणारा वर्गही जुनाच आहे. फक्त त्याचे गिऱ्हाईक वेगळे होते. ते म्हणजे खुद्द नवखा विक्रेता.

१८७२ साली शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने १६३ वस्तूंची किंमतवार यादी एका कागदावर छापून शेतकऱ्यांकडे धाडली. आदल्याच वर्षी शहराला लागलेल्या आगीत त्याचा पहिला मालसाठा जळून गेला होता. गावच्या दुकानदाराला वगळून थेट शहरातून माल, आणि तोही स्वस्त, ही गोष्ट इतकी संशयास्पद वाटली की १८७३ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'ने त्याला ठगांच्या पंक्तीत बसवले. पुढे पत्राला तो मजकूर मागे घ्यावा लागला. आग लागल्यावर पुन्हा उभ्या राहिलेल्या या माणसाकडे हिंमत नव्हती, असे कोण म्हणेल? अडचण त्याच्या हिमतीची नव्हतीच. ती होती पैसे आधी पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातल्या धास्तीची. १८७५ मध्ये वॉर्डने माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी दिली, म्हणजे ती धास्ती गिऱ्हाइकाकडून काढून स्वतःच्या अंगावर घेतली. आपल्याकडे हेच काम टपाल खात्याने केले. १८७७ पासून सुरू झालेल्या व्हीपीपीत पार्सल हाती पडते तेव्हा पोस्टमन पैसे घेतो. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके आणि वैद्यांची औषधे आडगावच्या वाचकांपर्यंत पोचली त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल घरी आल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हा तिला नवी कल्पना म्हणून गौरवणाऱ्यांना आजोबांच्या काळातल्या व्हीपीची आठवण झालेली दिसत नाही. यातल्या एकाही ठिकाणी विक्रेत्याच्या मनोवृत्तीचा प्रश्न आलेला नाही.

विक्रेत्याच्या मनातली शंका घालवण्याचे साधनही या धंद्याने स्वतःच घडवले आणि ते अगदी रुक्ष होते. जाहिरातीच्या कोपऱ्यात एक कुपन छापायचे, प्रत्येक वृत्तपत्रासाठी आणि प्रत्येक मथळ्यासाठी त्यावर वेगळी खूण घालायची आणि परत आलेली कुपने मोजायची. क्लॉड हॉपकिन्स हा या पद्धतीचा मोठा पुरस्कर्ता. १९२३ च्या 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' या छोट्या पुस्तकात त्याने जाहिरातीला जुगारातून बाहेर काढून हिशेबात बसवण्याचा आग्रह धरला. त्याचे म्हणणे असे, की टेबलाभोवती बसून वाद घालण्यापेक्षा एकदोन गावांत थोडक्या खर्चात चाचणी घ्या. काय चालते ते गिऱ्हाईकच सांगेल. जॉन केपल्सचे उदाहरण तर आपल्या विषयासाठी मुद्दाम ठेवल्यासारखे आहे. हा नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडलेला आणि टेलिफोन कंपनीत इंजिनिअर असलेला तरुण. पंचविशीत तो न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत लागला आणि तिथे नवा असतानाच त्याने टपालाने पियानो शिकवणाऱ्या संस्थेची एक जाहिरात लिहिली. पियानोपाशी बसताच ज्याला सगळे हसले तो माणूस पुढे सगळ्यांना थक्क करतो, अशी ती गोष्ट. जाहिरातींच्या इतिहासात ती अजून शिकवली जाते. पण केपल्सने यातून काढलेला निष्कर्ष आपण थोर आहोत हा नव्हता. १९३२ मध्ये त्याने 'टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स' लिहिले आणि एका जाहिरातीने दुसरीपेक्षा साडेएकोणीस पट माल विकलेला आपण पाहिला आहे, असे त्यात नोंदवले. दोन्ही जाहिराती कागदावर सारख्याच आत्मविश्वासाने लिहिल्या गेल्या असणार. त्यांतली कुठली चालेल हे सांगायला लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास उपयोगी पडत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

याच काळात शेजारी दुसरा प्रवाह वाहत होता. एमिल कुए हा फ्रेंच औषधविक्रेता स्वयंसूचनेचा मंत्र घेऊन १९२३ मध्ये अमेरिकेत फिरला; १९३७ मध्ये, मंदीच्या काळात, नेपोलियन हिलचे 'थिंक अँड ग्रो रिच' आले. या धाटणीची पुस्तके भाषांतरित होऊन मराठी घरांतही पोचली, म्हणून त्यांच्याबद्दल अधिक सांगायला नको. दोन्ही प्रवाह एका पुस्तकात मिळाले ते १९७३ मध्ये. कॅलिफोर्नियाच्या जो कार्बोने आळशी माणसाला श्रीमंतीचा रस्ता दाखवणारे पुस्तक १० डॉलरला टपालाने विकले. त्याचा पहिला भाग मनाच्या मशागतीचा आणि दुसरा टपाल-विक्रीच्या कसबाचा आहे. दुसऱ्या भागात खरोखर शिकण्यासारखे आहे, हे मान्य करायला हवे. पण क्रम पाहा: मन आधी, कसब नंतर. आजच्या कोर्सांची बांधणी थेट इथून आलेली आहे.

पहिला भाग दुसऱ्यापासून तोडून एकटाच विकता येतो, हे त्याआधीच ग्लेन टर्नर याने दाखवून दिले होते. दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब कुळाचा हा मुलगा. १९६७ मध्ये त्याने फ्लोरिडात सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली आणि मागोमाग 'डेअर टु बी ग्रेट' नावाची दुसरी. या दुसरीकडे विकायला माल म्हणजे आत्मविश्वासच होता: टेप, रेकॉर्डर, छापील धडे आणि सामुदायिक सभा. पायऱ्या ३०० डॉलरपासून सुरू होत आणि ५,००० पर्यंत चढत. वरची पायरी घेणाऱ्याला हेच धडे इतरांना विकून कमिशन मिळवायचा हक्क मिळे. अमेरिकेच्या रोखे आयोगाने खटला भरला आणि १९७३ च्या अपील न्यायालयाच्या निकालात या धंद्याची जी वर्णने आहेत, ती आजच्या वाचकालाही ओळखीची वाटतील. श्रीमंती आलेली नसली तरी आल्यासारखे वागा, असे नवख्या विक्रेत्याला शिकवले जाई. महागडी गाडी, भारी कपडे, खिशात दिसेल अशी नोटांची चवड. न्यायालयाने म्हटले, की घेणारा प्रत्यक्षात व्यक्तिमत्त्व-विकासाचे धडे विकत घेत नाही. पुढच्या माणसाकडून पैसे मिळण्याची शक्यता विकत घेतो. म्हणून ही योजना गुंतवणुकीच्या कायद्याखाली येते. नवख्याला शिकवलेला तो रुबाब त्याच्या मनाचे बळ वाढवण्यासाठी नव्हता. पुढच्या नवख्यासाठी ती जाहिरात होती. आत्मविश्वासाच्या या व्यापाराचे इतके स्वच्छ शवविच्छेदन मला दुसरीकडे आढळत नाही.

इंटरनेटवर हा सगळा इतिहास सहासात वर्षांत पुन्हा घडला. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूजनेट या चर्चाजाळ्याच्या पाच हजारांहून अधिक गटांत एकाच वेळी टाकली. शिव्यांचा पाऊस पडला, त्यांची सेवा तोडली गेली, पण त्यांना पश्चात्ताप झाला नाही. आत्मविश्वासच मोजायचा, तर या दोघांइतका तो कुणाकडे नव्हता. वर्ष संपायच्या आत त्यांनी इंटरनेटवर पैसा कसा करावा हे शिकवणारे पुस्तकही काढले. धंदा धड सुरूही झाला नव्हता, तोच त्याची शिकवणी सुरू झाली! दुसऱ्या बाजूला हॉपकिन्सचे कुपन परत येत होते. १९९६ मध्ये ॲमेझॉनने आपली पुस्तके इतरांच्या संकेतस्थळांवरून विकण्याची योजना काढली. प्रत्येक दुव्यात विकणाऱ्याची खूण असे, म्हणून कोणामुळे काय खपले ते कळे. ऑक्टोबर २००० मध्ये गुगलने ॲडवर्ड्स सुरू केले तेव्हा ३५० जाहिरातदार होते. घरबसल्या दोन मथळे लावायचे आणि कुठला जास्त दाबला गेला ते लगेच पाहायचे. हॉपकिन्सला ज्यासाठी काही आठवडे लागत ते आता दिवसभरात होऊ लागले. नवख्याला इतके स्वस्त आणि इतके निःपक्षपाती परीक्षण याआधी कधीच लाभलेले नव्हते. नेमक्या त्याच वर्षांत मनोवृत्तीच्या धड्यांचा धंदाही फोफावला, ही या इतिहासातली गंमत आहे. मोजायचे साधन हाताशी असताना न मोजता धीर देणाऱ्याची मागणी वाढली. माझ्या मते याचे कारण सोपे आहे: आकडा सुरुवातीला जवळजवळ नेहमीच वाईट येतो, धीराचे शब्द कधीच वाईट येत नाहीत.

आता यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हिंमत नसेल तर पहिली चाचणी तरी कोण घेणार? आक्षेपात तथ्य आहे. पण हिंमत म्हणतो ती प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहू. रिचर्ड सीअर्स मिनेसोटातल्या एका छोट्या रेल्वे स्टेशनवर एजंट होता. १८८६ मध्ये स्थानिक जवाहिऱ्याने नाकारलेली घड्याळांची खेप तिथे पडून राहिली. पाठवणाऱ्या कंपनीला दर घड्याळामागे १२ डॉलर द्यायचे आणि वर जे मिळेल ते आपले, या बोलीवर सीअर्सने ती घेतली आणि लाइनवरच्या इतर स्टेशन एजंटांना १४ डॉलरला विकली. त्याच्याकडे धाडस होतेच. पण गुंतवलेले भांडवल जवळजवळ शून्य, गिऱ्हाईक आपल्याच पेशाचे आणि नोकरी शाबूत. इतक्या कमी जोखमीच्या चाचणीला जी हिंमत लागते ती बहुतेकांकडे असते. पुढचा बडा टपाल-विक्रेता सीअर्स याच पहिल्या खपातून घडला. अल्बर्ट बंड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कुठून येतो याची चार उगमस्थाने मांडली. त्यांत सर्वांत बळकट मानले ते स्वतः काम करून मिळालेले यश. दुसऱ्याने दिलेला धीर त्याच यादीत आहे, पण दुबळा. प्रत्यक्षाशी गाठ पडली की तो टिकत नाही. कोर्सांचा पहिला धडा या यादीतला कमकुवत उगम आधी विकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाचणीला पैसे लागतात, गुगलवरच्या जाहिराती आता स्वस्त राहिलेल्या नाहीत आणि दहावीस क्लिकांवरून काहीच सिद्ध होत नाही. मग हातात दोनचार हजार रुपये असलेल्या मुलाने मोजायचे तरी काय? खरे आहे. कमी आकड्यांवरून निष्कर्ष काढणे हीही एक अंधश्रद्धाच. पण यातून निघते ते एवढेच, की छोट्या भांडवलाच्या माणसाने पहिली चाचणी जाहिरातीवर न करता ओळखीच्या गिऱ्हाइकावर करावी, सीअर्सने केली तशी. दहा माणसांना माल दाखवला आणि तिघांनी पैसे मोजले, तर ती चाचणी संख्याशास्त्राला पुरी पडणार नाही, पण कुठल्याही प्रेरणादायी व्हिडिओपेक्षा ती जास्त बोलते. आणि उरलेल्या सातांनी का घेतले नाही हे तोंडावर विचारता येते, ही सोय गुगलही देत नाही.

कायदा या बाबतीत नेहमी उशिरा पोचला आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. लाखो कमावलेल्या एखाद्याची साक्ष छापून खाली बारीक अक्षरांत 'असे सर्वांना जमेलच असे नाही' म्हणणे तेव्हापासून पुरेसे राहिले नाही. तरी जून २०१८ मध्ये याच कमिशनला ऑनलाइन धंदा शिकवणाऱ्या 'मोबी' या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. आरोप असा होता, की एकवीस पायऱ्यांची पद्धत ४९ डॉलरपासून सुरू करून लोकांना हजारो डॉलरच्या सदस्यत्वापर्यंत नेले गेले, त्यातून कंपनीने १२.५ कोटी डॉलरहून अधिक गोळा केले आणि ती पद्धत म्हणजे मुख्यतः हीच सदस्यत्वे दुसऱ्यांना विकणे. टर्नरची ओळख करून द्यायला नको. भारतात २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांवर बंदी घातली आणि विक्रेता म्हणून नाव नोंदवण्यासाठी शुल्क घेण्यासही मनाई केली. पण मनोवृत्तीचा कोर्स म्हणून विकलेला माल तपासायची जबाबदारी शेवटी घेणाऱ्यावरच राहते. म्हणून पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढेच विचारा, की गेल्या वर्षीच्या तुमच्या उत्पन्नात या कोर्साचा वाटा किती, आणि जो धंदा तुम्ही शिकवता त्याचा किती. आणि उत्तर लेखी मागा.