तळटीप १४

१४. ‘रेडिओवरची सीता’ : म्हणजे माणिक वर्मा. लेखिकेने पंचवटीतल्या वाड्यात ऐकलेलं ‘गीतरामायण’ आणि आज घरोघरी वाजतं ते, एक नव्हे. गदिमांची ५६ गीतं पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तीही पात्रागणिक वेगळ्या गळ्यांतून. वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, लता मंगेशकर असे कितीतरी जण त्यांत होते. पुढे संगीतकार सुधीर फडक्यांचे (बाबूजींचे) एकट्याचे कार्यक्रम नि ध्वनिमुद्रिका इतक्या गाजल्या, की हे आवाज मागे पडले. (बाबूजींना कमी लेखायचं नाही, पण सीतेचं गाऱ्हाणं बाईच्याच गळ्यातून ऐकावं.) मूळ प्रसारणातली काही गीतं आता इंटरनेटवर मिळतात.