सोळा की सतरा? मोटारसायकलच्या एका दाताचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

रामटेकहून नागपूरला रोज दुचाकीने जाणाऱ्याचा प्रवास सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. पण रस्ता तेवढा एकच नाही. मनसरच्या फाट्यापासून कन्हानपर्यंत मोकळा चौपदरी महामार्ग, जुना क्रमांक ७, आताचा ४४. कामठी ओलांडली की सिग्नल, ऑटो, ट्रक आणि क्लचवरून न हटणारा हात. सुटीच्या दिवशी हीच गाडी घरच्या माणसाला मागे बसवून गडमंदिराचा चढ चढते.

या तिन्ही कामांना पुरेल असे गियरिंग कारखान्याने आधीच ठरवून दिलेले असते. ते बदलावे का, पुढचे चक्र एका दाताने मोठे करावे का, हा प्रश्न म्हणूनच इकडच्या गॅरेजांतून वारंवार निघतो. प्रश्न जुना आहे, मोटारसायकलइतकाच जुना. आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार चालवणाऱ्याचा की कारखान्याचा, यावर शतकभर ओढाताण झाली आहे. आजचा धागा त्याविषयी.

आधी यंत्र समजून घेऊ. गियरबॉक्सच्या बाहेर एक लहान दातेरी चक्र असते, मागच्या चाकाला एक मोठे. दोघांमध्ये चेन. मागचे दात भागिले पुढचे दात, हे अखेरचे गुणोत्तर. भारतीय बनावटीच्या जुन्या ३५० बुलेटला पुढे १६ आणि मागे ३८ दात असत, म्हणजे २.३७५. पुढे १७ घातले की २.२३५. पुढचा एक दात वाढला की प्रत्येक गियर, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, सुमारे सहा टक्क्यांनी लांब होतो. तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते, आणि चाकाला मिळणारी खेच तेवढीच कमी होते. इथे फुकट काहीच मिळत नाही. हे कलम लक्षात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारसायकलींना गियरच नव्हते. इंजिनच्या पुलीवरून चामड्याचा पट्टा थेट मागच्या चाकावर. चढ आला की स्वार उतरून गाडीबरोबर धावे. यावर इंग्लंडमधील झेनिथ कंपनीने १९०८ च्या सुमारास ‘ग्रॅड्युआ’ नावाची युक्ती काढली. हाताने दांडा फिरवला की पुलीच्या दोन बाजू जवळ येत किंवा दूर जात. पट्टा सैल पडू नये म्हणून मागचे चाकच पुढे-मागे सरके. स्वार चालत्या गाडीवर गुणोत्तर बदलू शकत होता. चढाच्या शर्यतींत हा फायदा इतका मोठा ठरला की काही स्पर्धांतून झेनिथला मज्जाव झाला. कंपनीने रागावण्याऐवजी ‘बार्ड’, म्हणजे ‘मज्जाव केलेली’, हा शब्दच आपल्या चिन्हात मिरवला. जाहिरातशास्त्राच्या इतिहासात याला मानाचे पान मिळायला हवे.

‘रज मल्टी’ने हीच कल्पना सुधारली: पुढची पुली रुंदावली की मागची त्याच प्रमाणात आकुंचन पावे, चाक सरकवायची गरज उरली नाही. या गाडीने १९१४ ची आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली. पण पट्ट्याचे दिवस तेव्हा भरत आले होते. १९११ मध्ये याच बेटावरची शर्यत प्रथमच डोंगरी मार्गावर झाली आणि पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ या अमेरिकी मोटारसायकलींनी पटकावले. त्यांना दोन गियर होते आणि चेन होती.

चेन आली तशी दातांची निवडही आली. ब्रिटिश कारखाने एकाच गाडीची दोन गुणोत्तरे छापत: एक एकट्या स्वारासाठी, दुसरे साइडकारसाठी. साइडकार जोडायची तर लहान चक्र लावा, काढली की मोठे. म्हणजे गियरिंग बदलणे ही तेव्हा ‘मॉडिफिकेशन’ नावाची हौस नव्हती. गाडी वापरण्याची ती नेहमीची रीत होती. हा तपशील आजच्या चर्चांत कुणी सांगत नाही.

भारतात हे स्वातंत्र्य हळूहळू आटले. सैन्याच्या मागणीमागोमाग १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. बुलेटचे इंजिन लांब स्ट्रोकचे, ७० बाय ९० मिलिमीटर. कमी फेऱ्यांत ओढणारे. त्यावर १६ दात म्हणजे घाट, कच्चा रस्ता आणि सामान यांचा विचार. त्या काळच्या रस्त्यांवर सरासरी वेग जेमतेम असताना तो विचार योग्यच होता. राजदूत १७५ ला तर तीनच गियर. दुधाच्या कॅन लादून गावाबाहेरची वाट काढायची, तर पहिला गियर ओढणारा हवा; सपाटीवर मात्र इंजिन ओरडे. गावाकडच्या वडीलधाऱ्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाकडे मात्र चेनच नव्हती. आकुर्डीहून निघणाऱ्या बजाज स्कूटरचे, १९७२ नंतरच्या चेतकचेही, गियर थेट मागच्या चाकाशी जोडलेले. बाहेर चक्र नाही, म्हणून बदलण्याजोगे काही नाही. इंजिन उघडून आतले गियर बदलावे लागत. एवढा खटाटोप कोण करणार? एका अख्ख्या पिढीने हा प्रश्न विचारलाच नाही, याचे एक कारण मला या रचनेत दिसते.

ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, दोघींना चार गियर. तेलाच्या दोन जागतिक संकटांनंतर ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘किती देते?’ हाच झाला होता. गियरिंग आता मायलेजसाठी आणि गावातल्या चाळीस-पन्नासच्या वेगासाठी ठरू लागले.

मग रस्ता बदलला. उत्तर-दक्षिण मार्गिकेच्या योजनेत नागपूरमधून जाणारा महामार्ग रुंदावला. त्याच सुमारास, २००१ मध्ये, बजाजने पाच गियरची पल्सर आणली. चार गियरांच्या जुन्या गाड्या मात्र तशाच राहिल्या, आणि रामटेकच्या स्वाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला. गाडी एका काळाची, रस्ता दुसऱ्या काळाचा.

हिशेब करून पाहू. समजा ८० च्या वेगाला बुलेटचे इंजिन मिनिटाला ३,४०० फेरे घेते. १७ दातांवर तेच काम ३,२०० फेऱ्यांत होईल, १८ वर सुमारे ३,०२० मध्ये. हातापायांची थरथर कमी, इंजिनला उसंत. मनसर ते कन्हान हा टप्पा सुखाचा. पण कामठीत पहिला गियर लांबलेला असतो. प्रत्येक सिग्नलला हाफ क्लच अधिक वेळ धरावा लागतो आणि क्लचच्या प्लेटा त्याची किंमत मोजतात. गडाच्या चढावर डबलसीट असताना दुसऱ्यातून पहिल्यात यावे लागते. उतरताना तर गोष्ट गंभीर: गियर लांब केले की इंजिनचा आवर कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

वेगदर्शकाचीही एक गोम आहे. जुन्या बुलेटचा काटा पुढच्या चाकावरून चालतो, त्याला फरक पडत नाही. पण ज्या गाड्या गियरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावरून वेग मोजतात, त्यांत १६ चे १७ केले की काटा ८० दाखवताना गाडी ८५ वर असते. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी रस्त्यावर दुचाकीची मर्यादाच ८० आहे. मग १८ दात नेमके कशासाठी, हेही स्वतःला विचारावे.

माझे मत विचाराल तर रामटेक-नागपूर करणाऱ्या जुन्या बुलेटला १७ पुरेत. १०० सीसीच्या गाडीला हात लावू नये, कारण तिच्याकडे उधळायला खेचच नाही. ‘वरचे चक्र टाकले की गाडी पळते’ हा समज तर सोडूनच द्यावा: वाऱ्याला कापायची ताकद इंजिनमधूनच येते, दातांतून नाही. लहान इंजिनाला मोठे चक्र दिले की चौथा गियर नुसता नावाला उरतो.

कामाचाही विचार करा. चार गियरच्या बुलेटमध्ये पुढचे चक्र क्लचच्या मागे दडलेले असते. प्रायमरी केस उघडून, क्लच काढून मगच हात पोहोचतो. बहुतेक जपानी घडणीच्या गाड्यांत ते एका झाकणाआड असते. म्हणून बुलेटवाल्याने हा बदल क्लचचे काम निघेल तेव्हाच करून घ्यावा, आणि चेन व दोन्ही चक्रे एकदमच नवी टाकावीत. झिजलेल्या चेनवर नवे चक्र फार दिवस टिकत नाही.

जाता जाता, पट्टा हरला असे वर लिहिले खरे. पण १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि रुंदावणारी-आकुंचणारी पुली पुन्हा रस्त्यावर उतरली. या खेपेस दांडा हाताने फिरवायचा नव्हता, फेऱ्यांबरोबर पुली आपोआप बदले. आज कामठी रोडच्या सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक पेट्रोलच्या गियरलेस स्कूटरमध्ये तीच पुली फिरते आहे. तिच्यावर चर्चा करायला मात्र एकही दात नाही.