परतीची वाट: टेक्स्ट एडिटरमधील मागोव्याचा इतिहास

समजा, तुम्ही एक मोठा प्रोग्राम वाचत आहात. एका फंक्शनवरून दुसऱ्याच्या व्याख्येकडे गेलात, तिथून तिसऱ्याकडे. पाचव्या उडीनंतर लक्षात येते की आपण मुळात काय शोधत होतो तेच विसरलो. या अडचणीवर एडिटरांनी शोधलेली उत्तरे या पाठात पाहू.

१. आधी कल्पना

जुलै १९४५ मध्ये व्हॅनेव्हार बुश यांनी 'मेमेक्स' या कल्पित यंत्राचे वर्णन केले. एका दस्तऐवजावरून दुसऱ्यावर जाताना वाचकाने आखलेली वाट त्यात कायम राहणार होती, आणि ती दुसऱ्यालाही देता येणार होती. बुश यांच्या दृष्टीने वाट हेच ज्ञान होते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

२. उडी आणि परत येणे

१९७६ च्या सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी 'व्हीआय' लिहिला. केन अर्नोल्ड यांचा 'सीटॅग्ज' प्रोग्राम त्याच बर्कली युनिक्सबरोबर मिळू लागला. तो प्रत्येक फंक्शनचे नाव, फाइल आणि व्याख्येची ओळ शोधण्याचा नमुना एका यादीत लिहितो. ओळीच्या क्रमांकाऐवजी नमुना का? वर चार ओळी वाढल्या की क्रमांक चुकतो, नमुना मात्र सापडतो.

जाण्याची सोय झाली, पण परतायचे कसे? जीएनयू ईमॅक्समध्ये प्रत्येक बफरसाठी खुणांचे कडे असते. मूळ मांडणीत त्यात जुन्या १६ खुणा राहतात. ब्रॅम मोलेनार यांच्या 'व्हिम'मध्ये (पहिली आवृत्ती १९९१) पुढे दोन वेगळ्या याद्या आल्या. व्याख्येकडे मारलेल्या उड्यांची चळत २० नोंदींची, तर सर्व मोठ्या उड्यांची यादी प्रत्येक विंडोसाठी १०० नोंदींची.

या दोन याद्यांतील फरक महत्त्वाचा आहे. चळतीत मागे येऊन नवी वाट धरली, की पुढच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. उड्यांच्या यादीत मूळ मांडणीनुसार त्या टिकतात. म्हणजे पहिली यादी 'आता कुठे परतायचे' हे सांगते, तर दुसरी 'आपण कुठे कुठे फिरलो' हे.

३. एडिटर बंद केल्यावर

व्हिम बाहेर पडताना उड्यांची यादी 'व्हिमइन्फो' फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही मागे जाता येते. पण तिथे ओळ आणि स्तंभ यांचे क्रमांक असतात. मधल्या काळात सहकाऱ्याने फाइल बदलली, तर तुम्ही भलत्याच ओळीवर पोहोचता. ईमॅक्सची बुकमार्क नोंद स्थानाबरोबर आजूबाजूचा मजकूरही जपते, म्हणून किरकोळ बदलांनंतरही जागा सापडते. सीटॅग्जचा धडा इथे पुन्हा दिसतो.

४. काय उरले?

या सर्व सोयी जागा जपतात, कारण जपत नाहीत. तुम्ही त्या फंक्शनकडे का गेला होता आणि तिथे काय कळले, हे कोणत्याच यादीत नसते. बुश यांच्या वाटेला नाव होते, वाचकाच्या टिपा होत्या. एडिटरने पावले तेवढी मोजली. तेव्हा कोड वाचताना शेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक उडीचे कारण एका ओळीत लिहा.

विचार करा: मागे येऊन नवी वाट धरल्यावर जुनी वाट पुसावी की ठेवावी? दोन्ही बाजूंनी एकेक उदाहरण द्या.