हद्द कोणाची? धार-देवासचा फौजदारी कारभार

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची मराठी संस्थाने. धारची गादी एक, देवासच्या मात्र दोन. 1728 मध्ये बाजीरावाबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती चालू झाली. या मुलखातल्या फौजदारी कारभारात शिक्षा किती, यापेक्षा गुन्हा कोणाच्या हद्दीत, हा प्रश्न नेहमीच जड ठरला.

मराठी अमलात फौजदारी कायद्याचे पुस्तक नव्हते. कसब्यात कोतवाल, परगण्यात कमाविसदार, गावात पाटील आणि त्याच्या हाताखाली पहारेकरी, अशी उतरंड होती. गुन्हेगारीचा दंड सरकारजमा होई, त्यामुळे न्याय हे वसुलाचेही एक कलम होते. चोरी झाली की माग काढत. जाणकार माणूस पायाचा ठसा शोधी, वाऱ्या-पावसाने पुसू नये म्हणून त्यावर टोपली उपडी घाली आणि पावलांमागे शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर. त्याने माग पुढे काढून द्यावा, नाहीतर नुकसान भरावे. आजच्या तपासातला पंचनामा आणि पोलीस ठाण्याची हद्द, दोन्हींचे बीज इथे दिसते. फक्त इथे सारे गाव जामीन असे.

ही रीत ठगांपुढे लंगडी पडली. प्रवाशाचा विश्वास मिळवून त्याला वाटेत मारणारी टोळी एका संस्थानातून दुसऱ्यात सहज निसटे. म्हणून 1836 च्या कायद्याने टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला, मग ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर. शिक्षा जन्मभर सक्तमजुरीची. पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. हद्दीचा अडसर गेला खरा, पण टोळीतल्याच माणसाच्या तोंडावर जन्मठेप देणारा हा कायदा आजच्या वाचकाला खटकावा असाच आहे.

तोवर ही संस्थाने इंग्रजांच्या संरक्षणाखाली आली होती. 1818 मध्ये देवासच्या दोन्ही राजांशी मिळून एकच तह झाला. 1841 पासून मात्र दोन्ही पात्या आपापला वाटा स्वतंत्रपणे सांभाळू लागल्या. गावे एकमेकांत इतकी गुंतलेली, की खुद्द देवास शहरात मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी दुसरीची. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा वेगळी! जिथे दिव्याच्या खांबालाही मालक विचारावा लागे, तिथे रस्ता ओलांडणे म्हणजे संस्थान ओलांडणे.

भारतीय दंड संहिता 1860 मध्ये मंजूर होऊन 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली, पण ती ब्रिटिश मुलखापुरती. संस्थान परकी भूमी. दरबाराने स्वीकारली तरच ती तिथे चाले. आरोपी ब्रिटिश हद्दीत पळाला तर 1903 च्या प्रत्यर्पण कायद्याप्रमाणे पोलिटिकल एजंट या इंग्रज प्रतिनिधीचे वॉरंट तिथल्या जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे निघे. युरोपियन ब्रिटिश प्रजाजन या तरतुदीतून वगळलेले होते. दरबारी वकिलाला म्हणूनच कलमांइतकाच तहनाम्यांचा आणि एजन्सीच्या पत्रव्यवहाराचा अभ्यास लागे.

1948 मध्ये मध्य भारत संघ झाला आणि दोन पात्यांचे मिळून देवास जिल्ह्याचे ठिकाण बनले; 1956 मध्ये धारसह देवास मध्य प्रदेशात आले. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ठाण्याची हद्द कायम राहिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, ठाण्यात देता येते. हिलाच शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. ती नोंदवून मग संबंधित ठाण्याकडे पाठवतात.